भाव कुणाचा, ते आधी विचार

पोरी, एम.ए.ला अर्थशास्त्र घेतलंस, बरं केलंस. आता रोज पेपर वाचशील, आणि पेपरातला आकडा दिसायला फार भारदस्त असतो. त्याला लगेच मान देऊ नको. तो विकणाऱ्याच्या बाजूने मोजलाय की घेणाऱ्याच्या, एवढं आधी विचार.

ऑक्टोबर २०२५ चंच बघ. किरकोळ महागाई ०.२५ टक्क्यावर आली, २०१२ च्या मालिकेतला सगळ्यात खालचा आकडा. खाण्यापिण्याच्या वस्तूंचे भाव तर वर्षाआधीपेक्षा ५.०२ टक्के खाली. शहरात याला महागाई आटोक्यात आली म्हणतात. आपल्या मारेगावात त्याच महिन्यात सोयाबीन काढणीला आलेलं असतं. त्याचा हमीभाव क्विंटलला ५३२८ रुपये होता, अन् विदर्भाच्या बाजारात सौदे त्याच्या खालीच होत होते. दोन्ही बातम्या खऱ्या. एकीवरच उत्तर लिहिलंस तर ते अर्धं राहील.

आणखी एक. २०२४ च्या ऑक्टोबरात महागाई ६.२१ टक्के होती. मागचा आकडा उंच असला की पुढचा आपसूक बुटका दिसतो. म्हणून टक्केवारी वाचली की मागच्या वर्षीचा तोच महिना काढून शेजारी लिहीत जा. आता २०२४ पायाभूत वर्षाची नवी मालिका आली आहे, जुन्या-नव्याची सरमिसळ करू नको.

रेपो दराच्या बातमीने हुरळू नको. २०२५ मध्ये तो साडेसहावरून सव्वापाचवर आला. शहरातल्या घरकर्जाचा हप्ता त्याने हलतो. आपलं तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज सरकारी व्याज सवलतीवर चालतं, वेळेत फेडलं तर राज्याच्या सवलतीने व्याज शून्यावर येतं. आणि सावकाराचा दर ठरवायला कोणती पतधोरण समिती बसते? व्याजदराचा प्रश्न आला की कर्ज कोणतं, ते आधी लिही.

अर्थसंकल्पाचं थोडक्यात सांगतो. नुसती तरतूद वाचू नको, दोन वर्षांआधीचा प्रत्यक्ष खर्चही बघ.

आता कापूस. इथे सावकाश वाच, कारण हा धडा तुला पुण्याच्या पोरांपेक्षा जास्त कळेल.

२०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये. बातमी एवढीच येते. खरेदी केंद्रावर मात्र सीसीआयचा, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाचा, ग्रेडर गाडीतल्या कापसात ओलावा मोजायचं यंत्र खुपसतो. आठ टक्के निघाले तर पूर्ण भाव. पुढे ओलाव्याच्या दर टक्क्याला भावाचा एक टक्का कापायचा, अन् बाराच्या वर गेला की गाडी परत. बारा टक्क्यांच्या मालाला म्हणून ७७८५ रुपये ६० पैसे पडतात. दिवाळीच्या सुमारास पहिल्या वेच्याचा कापूस ओलाच असतो, आणि पैशाची नड तेव्हाच असते. मग खेडा खरेदीवाला दारात येऊन रोख मोजतो आणि कमी भावात घेऊन जातो. पुस्तकातल्या हमीभावाच्या आलेखावर तुला ओलावा दिसणार नाही, चुकाऱ्याची तारीखही दिसणार नाही. तू दोन्ही लिही.

त्याच हंगामात दिल्लीने काय केलं? कापसावर ११ टक्के आयात शुल्क होतं. १९ ऑगस्टला ते काढलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग मुदत वाढवून डिसेंबरअखेरपर्यंत. अमेरिकेने आपल्या मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं होतं, कापडगिरण्या अडचणीत होत्या, त्यांना स्वस्त रुई हवी होती. कारण खोटं नव्हतं. पण पऱ्हाटी जूनमध्येच पेरून झालेली. सवलतीच्या अधिसूचनेत शेवटची तारीख वाच आणि आपल्या वेचणीच्या महिन्यांशी लावून बघ. अर्धी मीमांसा तिथेच होते.

अमेरिकेचं नाव ऐकून हे नवं समजू नको. १८६१ ला तिथे यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, अन् वऱ्हाडातल्या कापसाचा भाव चढला. १८६५ ला युद्ध संपलं, भाव उतरला. शेतकऱ्याने दोन्ही वेळा बातमी ऐकली ती व्यापाऱ्याच्या तोंडून. तुझ्या हातात फोन आहे, एवढा फरक.

व्यापाऱ्याचा हिशेब मात्र शिकून घे, तो कोणी वर्गात शिकवत नाही. क्विंटलभर कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. रुईचा भाव खंडीवर बोलतात, खंडी ३५६ किलोची, म्हणजे एका खंडीला साडेदहा क्विंटलच्या आसपास कापूस लागतो. रुईचे पैसे अधिक सरकीचे पैसे, वजा जिनिंगचा खर्च आणि त्याची कमाई. उरलं ते आपल्याला. म्हणून कधी कधी रुईचा बाजार थंड असूनही कापसाचा भाव टिकतो, सरकी आणि ढेपेला मागणी असते तेव्हा.

सुटीत जिनिंगवर जाशील तेव्हा वही घेऊन जा: तारीख, ओलावा, बोललेला भाव, मिळालेला भाव, चुकारा कधी. व्यापाऱ्याला नफा किती, असं विचारू नको, तो पाऊसपाण्याच्या गप्पा सुरू करेल. यंदा सरकीचं काय चाललंय, एवढंच विचार. मग चहा मागवून तो स्वतःच सगळं सांगतो.