गावातील घर आणि योबेल वर्ष

शास्त्रपाठ : लेवीय 25:29-31, यशया 5:8-9

तटबंदीच्या नगरातील घर विकले, तर ते सोडवून घेण्यास नियमशास्त्र एका वर्षाचीच मुदत देते. पुढे ते कायमचे खरेदीदाराचे होते. तट नसलेल्या खेड्यातील घर मात्र शेतजमिनीप्रमाणे गणले आहे. ते सोडवता येते व योबेल वर्षी मूळ कुटुंबाकडे परत जाते. कारण खेड्यात घर व उपजीविका एकत्र असतात. घर गेले की वतनच जाते.

यशयाच्या काळी धनवानांनी घरास घर जोडले. तेथील 'होय्' हा इब्री उद्गार मृतासाठी केलेल्या विलापाचा आहे. शिक्षाही ध्यानात घ्यावी : घरे मोठी, पण आत राहणारा कोणी नाही.

गोव्यातील आसगावसारख्या गावांत दिल्ली-मुंबईचे धनिक गुंतवणूक म्हणून घरे घेतात. त्या किमती स्थानिक तरुणाच्या आवाक्याबाहेर जातात. 2011 च्या जनगणनेत गोव्यातील सुमारे पाचांपैकी एक घर रिकामे आढळले. त्यामागे वारसांचे वाद व स्थलांतर हीही कारणे आहेत.

योबेलचा कायदा आज आपणांस लागू नाही. त्यामागील देवाची इच्छा मात्र अढळ आहे. म्हणून घर विकताना वा घेताना, किंमत ठरवण्यापूर्वी, विश्वासणाऱ्याने स्वतःस विचारावे : येथे कोण राहणार, आणि शेजाऱ्याच्या लेकरांना या गावात आसरा उरेल काय?