सांगितले, पण समजले का?

पुण्यातील दोन मित्रांची ही साधीशी गोष्ट पहा. ‘उद्या सातला स्टँडवर भेटू,’ असे एकाने फोनवर सांगितले. ‘बरं,’ दुसरा म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला एकजण स्वारगेटच्या स्टँडवर हजर, तर दुसरा पुणे स्टेशनच्या स्टँडवर. दोघेही वेळेवर आले होते. फोनवरचा शब्द न् शब्द दोघांनाही स्पष्ट ऐकू आला होता. तरीही दोघांची गाडी चुकली. मग चूक कोणाची?

‘सांगणाऱ्याची’ असे तुमच्यातले काहीजण म्हणतील, काहीजण ‘ऐकणाऱ्याची’ म्हणतील. उत्तर देण्याआधी एका माणसाच्या मनातली गोष्ट दुसऱ्याच्या मनात पोचते तरी कशी, ते पाहू या.

संदेशाचा प्रवास

१९४८ साली क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने संदेशवहनाच्या गणिती सिद्धांतावर एक निबंध प्रसिद्ध केला. तो बेल प्रयोगशाळेत काम करीत असे. टेलिफोनच्या तारेतून संदेश बिनचूक कसा पाठवावा, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. संदेशाच्या अर्थाचा विचार त्याने मुद्दाम बाजूला ठेवला होता. पण त्याने काढलेली आकृती पुढे माणसामाणसांतील बोलणे समजून घेण्यासही उपयोगी पडली.

या आकृतीत एका टोकाला प्रेषक, म्हणजे संदेश पाठविणारा असतो. तो आपल्या मनातील अर्थ शब्दांत किंवा खुणांत बसवितो. याला संकेतन म्हणतात. ते शब्द हवेतून, तारेतून किंवा कागदावरून जातात, ते माध्यम. दुसऱ्या टोकाला ग्राहक असतो. तो आलेल्या शब्दांतून पुन्हा अर्थ काढतो, ते विसंकेतन. वाटेत संदेश बिघडविणारे जे काही भेटते, तो व्यत्यय.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. या साऱ्या प्रवासात अर्थ कोठेच प्रवास करीत नाही! प्रवास करतात ते फक्त शब्द. अर्थ ग्राहकाला स्वतःच्या मनात नव्याने तयार करावा लागतो, आणि त्यासाठी तो स्वतःजवळचेच सामान वापरतो. आपण घराबाहेर पडताना ‘येतो हं’ म्हणतो. शब्दकोशावरून मराठी शिकलेला परदेशी पाहुणा बुचकळ्यातच पडेल, कारण ‘येतो’ म्हणणारा माणूस तर निघून चालला आहे! आपल्याला मात्र त्यात काहीच चमत्कारिक वाटत नाही. संकेत दोघांचा एक असला तरच एका मनातला अर्थ दुसऱ्या मनात उमटतो. ‘स्टँड’ या शब्दाचे नेमके हेच झाले. एकाच्या मनात स्वारगेट होते आणि दुसऱ्याच्या मनात पुणे स्टेशन.

म्हणजे व्यत्यय दोन प्रकारचा असतो. एक माध्यमातला, म्हणजे खरखर, गोंगाट, अस्पष्ट अक्षर. दुसरा अर्थातला. पहिला कानाला कळतो, म्हणून आपण लगेच ‘काय म्हणालास?’ असे विचारतो. दुसरा कळतच नाही, म्हणून तो अधिक घातक असतो. हे दोन्ही व्यत्यय एकाच क्षणी आले, तर काय होऊ शकते?

धुक्यातली विमाने

२७ मार्च १९७७ चा दिवस. अटलांटिक महासागरात स्पेनची कॅनरी बेटे आहेत. तेथील ग्रान कानारिया बेटाच्या विमानतळावर बाँबस्फोट झाल्यामुळे तिकडे जाणारी विमाने शेजारच्या तेनेरिफे बेटावरील छोट्या विमानतळावर उतरविण्यात आली होती. त्यांत दोन प्रचंड जंबो जेट विमाने होती, एक डच कंपनीचे व एक अमेरिकन कंपनीचे. दुपारनंतर दाट धुके उतरले. डच विमान धावपट्टीच्या एका टोकाला उड्डाणासाठी उभे होते. अमेरिकन विमान त्याच धावपट्टीवरून हळूहळू पुढे येत होते. दोन्ही विमाने एकमेकांना दिसत नव्हती आणि नियंत्रण मनोऱ्यातूनही ती दिसत नव्हती. सर्वांना जोडणारा एकच दुवा होता, तो म्हणजे रेडिओ.

नियंत्रकाने डच विमानाला उड्डाणानंतर कोणत्या मार्गाने जायचे ते सांगितले. ही उड्डाणाची परवानगी नव्हती, पण त्या वाक्यात ‘टेक-ऑफ’ हा शब्द होता. डच सहवैमानिकाने ती सूचना परत म्हणून दाखविली आणि शेवटी ‘आम्ही आता टेक-ऑफला आहोत’ अशा अर्थाचे शब्द जोडले. विमान तेव्हा धावू लागले होते. नियंत्रकाला मात्र वाटले की, ते उड्डाणाच्या जागी तयार होऊन उभे आहे. तो ‘ओके’ म्हणाला, क्षणभर थांबला, आणि ‘थांबा, मी सांगेन’ असे पुढे म्हणाला. त्याच क्षणी अमेरिकन वैमानिकही घाईने सांगू लागला, ‘आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत!’

दोघे एकाच वेळी बोलले, आणि डच विमानात ऐकू आली ती एक कर्कश शीळ. ही शीळ कोठून आली? तुम्ही शाळेत विस्पंद शिकला असाल. किंचित वेगळ्या वारंवारतेचे दोन स्वर एकत्र वाजले, की त्यांच्या वारंवारतांतील फरकाइतक्या वेळा आवाज दर सेकंदाला कमीजास्त होतो. रेडिओलहरींचेही तसेच आहे. दोन प्रक्षेपकांच्या वारंवारता अगदी तंतोतंत सारख्या कधीच नसतात. समजा, त्यांत दर सेकंदाला १,००० कंपनांचा फरक असेल, तर ग्राहकयंत्रातून १,००० कंपनांची शीळ ऐकू येते आणि बोलणे तिच्याखाली दडपले जाते. डच वैमानिकांना स्पष्ट ऐकू आला तो फक्त पहिला शब्द, ‘ओके’!

विमानातील अभियंत्याला तरीही शंका आली होती. ‘ते अमेरिकन विमान बाजूला झालेले नाही काय?’ असे त्याने विचारले. मुख्य वैमानिक हा कंपनीतील अतिशय अनुभवी व मोठ्या अधिकाराचा माणूस होता. त्याने ‘झाले आहे’ असे ठामपणे सांगितले. मग पुन्हा कोणी विचारले नाही. काही सेकंदांतच दोन्ही विमानांची टक्कर झाली. ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. अमेरिकन विमानातील ६१ जण तेवढे वाचले. हवाई वाहतुकीच्या इतिहासात याहून मोठा अपघात झालेला नाही.

वर्तुळ पूर्ण करा

या अपघातानंतर रेडिओवरील बोलण्याचे नियम बदलले. ‘टेक-ऑफ’ हा शब्द आता प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरतात. एरवी त्याऐवजी दुसरा शब्द योजतात. महत्त्वाच्या सूचनेला नुसते ‘ओके’ चालत नाही, ती परत म्हणून दाखवावीच लागते. हाताखालच्या माणसाने आपली शंका निर्भयपणे बोलून दाखवावी आणि वरिष्ठाने ती ऐकून घ्यावी, याचेही आता वैमानिकांना शिक्षण दिले जाते.

ग्राहकाकडून प्रेषकाकडे उलट येणाऱ्या अशा संदेशाला प्रतिसाद म्हणतात. संदेश गेला की काम संपले असे नाही. ग्राहकाला काय समजले ते प्रेषकाला कळले, म्हणजेच संदेशवहनाचे वर्तुळ पूर्ण होते.

आपल्या रेल्वेत याचे एक सुंदर उदाहरण आहे. काही रेल्वे फाटके अशी असतात की, ते बंद आहे की उघडे, यावर सिग्नलचे नियंत्रण नसते. गाडी येण्यापूर्वी स्टेशनमास्तर तेथील गेटमनला फोन करून फाटक बंद करण्यास सांगतो. गेटमनने नुसते ‘हो साहेब’ म्हटलेले चालत नाही. फाटक बंद केल्यावर तो आपल्याजवळच्या तक्त्यातील एक आकडा सांगतो. याला प्रायव्हेट नंबर म्हणतात. स्टेशनमास्तर तो वहीत लिहून घेतो. तक्त्यातील आकडे क्रमवार नसतात, आणि वापरलेला आकडा लगेच खोडतात. त्यामुळे अंदाजाने किंवा सवयीने उत्तर देता येत नाही. हा आकडा म्हणजे ‘ऐकले’ याची नव्हे, तर ‘केले’ याची खूण आहे.

येथे एक बारकावा आहे. तेनेरिफेला सहवैमानिकाने सूचना परत म्हणून दाखविली होती, तरीही घोटाळा झालाच. तेच शब्द पुन्हा म्हटले, तर त्यांतली संदिग्धताही तशीच परत येते. दुसऱ्या मित्राने ‘बरं, सातला स्टँडवर’ असे म्हटले असते, तरी गाडी चुकलीच असती. ‘म्हणजे सकाळी सातला, पुणे स्टेशनच्या स्टँडवर ना?’ असे त्याने विचारले असते, तर पहिला लगेच म्हणाला असता, ‘छे रे, स्वारगेटला!’ म्हणून प्रतिसाद स्वतःच्या शब्दांत द्यावा.

मोबाइलवरच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये संदेशापुढे दोन खुणा उमटल्या की तो पोचला, आणि त्या निळ्या झाल्या की तो वाचला, असे समजते. पण ‘समजला’ याची खूण त्यात नाही. ती आपणच द्यायची असते.

करून पहा

१९५१ साली लेव्हिट व म्यूलर या अमेरिकन संशोधकांनी केलेल्या प्रयोगासारखा हा प्रयोग वर्गात करता येईल. एका कागदावर सहा आयत एकमेकांना कोठेतरी टेकलेले, काही तिरपे, असे काढा. एका विद्यार्थ्याने वर्गाकडे पाठ करून त्या आकृतीचे केवळ शब्दांनी वर्णन करावे. बाकीच्यांनी काहीही न विचारता ती काढावी. मग तशीच दुसरी आकृती घ्या. या वेळी त्याने वर्गाकडे तोंड करावे आणि इतरांनी हवे ते प्रश्न विचारावे. दोन्ही वेळा लागलेला वेळ व बरोबर जागी पडलेले आयत मोजा.

त्या संशोधकांना असे आढळले की, मोकळ्या प्रश्नोत्तरांना वेळ जास्त लागतो, पण आकृत्या अधिक बिनचूक येतात आणि काढणाऱ्यांना आपल्या उत्तराची खात्रीही अधिक वाटते. तुमच्या वर्गात काय होते ते पडताळा.

शिक्षकांसाठीही यात एक गोष्ट आहे. ‘समजले का?’ या प्रश्नाला सारा वर्ग एका सुरात ‘हो’ म्हणतो. तो ‘हो’ म्हणजे तेनेरिफेचा ‘ओके’च! त्याऐवजी ‘काय समजले ते तुझ्या शब्दांत सांग,’ असे विचारावे. आणि विद्यार्थ्यांनो, समजले नसेल तर हात वर करा. शंका विचारणे हा उद्धटपणा नव्हे. अर्धे राहिलेले वर्तुळ त्यानेच पूर्ण होते.

आता आपला पहिला प्रश्न. स्टँडवरची चूक कोणाची? वर्तुळ दोघांनी मिळून पुरे करायचे होते, आणि दोघांनीही ते अर्ध्यावर सोडले.