ख्याती कोणाच्या हाती? डिचोलीच्या मॅगीचे उदाहरण

पुस्तपालनाच्या तासाला आपण ‘ख्याती’ ही संज्ञा शिकतो. चालता धंदा विकत घेताना इमारत, यंत्रे व माल यांच्या किमतीवर नावलौकिकासाठी जी जादा रक्कम मोजावी लागते, ती ख्याती. घेणारा ती ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला लिहितो, म्हणून ती मालकाचीच असा आपला समज होतो. वास्तविक ती असते गिऱ्हाइकांच्या मनात. समाजमाध्यमांमुळे ही मने एकमेकांशी क्षणार्धात बोलू लागली, तेव्हा ख्यातीचे काय होते, याचे उत्तम उदाहरण आपल्या डिचोली तालुक्याशी निगडित आहे.

नेस्ले कंपनीचा डिचोलीचा कारखाना १९९७ सालचा. मॅगी नूडल्स येथे तयार होतात. २०१४ साली उत्तर प्रदेशातील बाराबंकी येथे मॅगीचा नमुना घेण्यात आला; पुढे कोलकात्याच्या प्रयोगशाळेने त्यात दशलक्ष भागांत १७.२ भाग शिसे असल्याचा अहवाल दिला. मर्यादा होती २.५ भागांची. शिवाय वेष्टनावर ‘अजिनोमोटो घातलेले नाही’ अशा अर्थाची ओळ असताना तो अंश आढळला. मे २०१५ मध्ये ही बातमी फुटली आणि व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक, ट्विटर यांवर एकच गदारोळ उडाला. शिसे मुलांच्या मेंदूला घातक असते. तेव्हा आयांचा संताप अनाठायी होता असे कोण म्हणेल?

येथे समाजमाध्यमांची कार्यपद्धती पाहण्यासारखी आहे. वर्तमानपत्रातील मजकुरामागे संपादक उभा असतो. व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोप मात्र मावशीकडून किंवा वर्गमित्राकडून येतो, म्हणून आपण पाठविणाऱ्यावरील विश्वास मजकुराला देऊन टाकतो. तोच निरोप पाच जणांकडून आला की पाच साक्षीदार मिळाल्यासारखे वाटते, मग मूळ एकच का असेना! गोव्याच्या अन्न व औषध प्रशासनाने तपासलेल्या नमुन्यांत शिसे मर्यादेतच आढळले होते. पण या गलक्यात त्या अहवालाला कोण विचारतो?

कंपनीचेही चुकलेच. प्रश्न विचारणाऱ्यांना ती ठरावीक साच्याची उत्तरे देत राहिली आणि तिच्या मौनाची जागा इतरांनी भरून काढली. ५ जून २०१५ रोजी तिने माल मागे घेतला; त्याच दिवशी केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने बंदीचा हुकूम काढला. हजारो टन नूडल्स नष्ट करण्यात आल्या. २०१२ साली खाणी बंद पडल्याने आधीच ओढग्रस्त झालेल्या या तालुक्यात एका मोठ्या कारखान्याचे हे उत्पादन थांबणे म्हणजे काय, हे इथल्या वाचकाला सांगायला नको.

१३ ऑगस्ट रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली. कंपनीला म्हणणे मांडण्याची पुरेशी संधी मिळाली नव्हती व चाचण्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत झाल्या नव्हत्या, ही त्याची कारणे. फेरतपासणीत सर्व नमुने निर्दोष ठरले. ऑक्टोबरमध्ये नंजनगूड, मोगा व डिचोली येथे उत्पादन पुन्हा सुरू झाले.

आता जनमानसाची दुसरी बाजू पाहा. वसतिगृहातल्या रात्री आणि दोन मिनिटांचा नाश्ता यांच्या आठवणी त्याच माध्यमांवर निघू लागल्या होत्या. कंपनीनेही या वेळी सूर ओळखला. ‘आम्हालाही तुमची आठवण येते’ अशा आशयाच्या जाहिराती तिने केल्या. नोव्हेंबरात स्नॅपडीलवर ६०,००० संच पाच मिनिटांत संपले. माझ्या मते ज्या घाईने मॅगीला दोषी ठरविले गेले, त्याच घाईने तिला जवळही केले गेले. प्रयोगशाळेचा कागद दोन्ही वेळा बहुतेकांनी वाचलाच नसावा.

केंद्र सरकारने २०१५ मध्येच राष्ट्रीय ग्राहक आयोगाकडे सुमारे ६४० कोटी रुपयांच्या भरपाईचा दावा दाखल केला होता. तो एप्रिल २०२४ मध्ये फेटाळला गेला. तोपर्यंत मॅगी दुकानांत परत येऊन आठ वर्षे उलटून गेली होती.