बारशाआधी जरा ऐक

अगं, तू पाठवलेली नावांची यादी पाहिली. ‘आराध्या’भोवती दोनदा गोल केलायस. आवडलं असेल तर ठेव बाई, पण आधी माझा उन्हाळ्यातला उद्योग ऐक.

सुटीत आमच्या शाळेचं जुनं दाखल-खारीज रजिस्टर घेऊन बसले. मुलींची नावं, जन्मसाल, दहा-दहा वर्षांचे गट, आणि आलेखाच्या वहीत रेघा. आधी चुकलेच. नुसती संख्या मोजली तर सगळीच नावं चढताना दिसायची, कारण शाळेत पोरीच जास्त यायला लागल्या होत्या! मग दर शंभर मुलींमागे किती, ते काढलं. तेव्हा पार्वता, अनसूया उतरताना दिसल्या, सुनीता-संगीता डोंगरासारख्या उठल्या, त्यांच्यामागून वैशाली. 1956 च्या धम्मदीक्षेनंतरच्या गटांत प्रज्ञा, सुजाता, यशोधरा. दीक्षाभूमी आपल्याला किती जवळ आहे, ते वहीतच दिसतं.

मतदार यादीतही वय असतं, म्हणून तीही धुंडाळली. पण गावच्या यादीतल्या बायका म्हणजे बहुतेक सुना. कुणी आर्वीची, कुणी थेट यवतमाळची. त्यात काहींची नावं लग्नात बदललेली, आपल्या आईसारखी. तो आलेख माहेरच्या नावांचा झालाच नसता.

अमेरिकेत सरकारच 1880 पासूनच्या नावांचे आकडे देतं. तिथे ‘लिंडा’ एका गाण्यामुळे 1947 मध्ये पहिल्या नंबरवर गेली. जितक्या झपाट्याने चढली, तितक्याच झपाट्याने पुढे घसरली. आज ते नाव ऐकलं की आजीच डोळ्यांसमोर येते. आराध्याचंही मला तसंच वाटतं. 2011 मध्ये बच्चनांच्या घरी ती आली आणि रेघ उभीच चढली. वर्गात तिघी असल्या की बाई हाक मारणार ‘आराध्या के.’ सारख्या नावांचा घोळ कसा होतो, ते आपल्या सेवाग्रामचंच बघ ना, आधी ते शेगाव होतं. गांधीजींचं टपाल बुलढाण्याच्या शेगावला जायचं, म्हणून 1940 मध्ये गावाचंच नाव बदलावं लागलं!

घाई करू नकोस. जन्मनोंदणीत नाव बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं. आत्याबाई बारशाला काहीही कुर्र करू देत.

आणि हो, माझ्या वहीत अनसूयाची रेघ केव्हाची जमिनीला टेकलीय. आजीचं नाव होतं ते. सासूबाईंपुढे काढून तर बघ. नाक मुरडलं तर मला फोन कर, मी बोलते.