खानदेशांत पडलेला आकाशांतील पाषाण

आपल्या जळगांव व धुळें जिल्ह्यांत काळ्या दगडांस तोटा नाहीं. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं पृथ्वीच्या पोटांतून वाहून आलेल्या लाव्हारसाचे ते थर होत. परंतु ज्याचा जन्म या पृथ्वीवर झालाच नाहीं, असा एक अग्निजन्य दगडहि आपल्या खानदेशांत येऊन पडला आहे, हें थोड्यांसच ठाऊक असेल.

इ. स. 1843 मध्यें एदलाबाद, म्हणजे आजचें मुक्ताईनगर, याजवळील मानेगांव येथें हा उल्कापाषाण पडला. त्याचे अवघे कांहीं तोळे वजनाचे तुकडे जतन झाले. लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममधील खनिजशास्त्रज्ञ मॅस्केलिन यांनीं त्यांची परीक्षा करून 1870 सालीं निबंध प्रसिद्ध केला. या पाषाणाची जात 'डायोजेनाइट' होय.

हा आला कोठून? मंगळ व गुरु यांच्या कक्षांमधील प्रदेशांत असंख्य लघुग्रह फिरतात. त्यांपैकीं वेस्टा सुमारें 525 किलोमीटर व्यासाचा आहे. साडेचारशें कोटी वर्षांपूर्वीं तो आंतून वितळला होता. पृष्ठावर आलेला रस लवकर थिजून 'यूक्राइट' बनला. खोल राहिलेला सावकाश निवून डायोजेनाइट बनला. पुढें दुसरे गोल आदळून त्याचे कपचे अंतराळांत उडाले. 2011-12 सालीं डॉन यानानें वेस्टाभोंवतीं फिरून केलेल्या निरीक्षणांनीं या मतास बळकटी आली.

असा दगड ओळखावा कसा? हवेंतून वेगानें येतांना तापल्यामुळें त्यावर पातळ काळी साल येते. आंतील भाग बहुधा फिकट असतो. लोहचुंबकावर मात्र विसंबूं नये. वेस्टाच्या दगडांत धातुरूप लोह नाममात्र असतें, उलट आपल्या शेतांतील काळा दगडहि चुंबकास ओढ देतो!

कोणास असा दगड सांपडल्यास त्यानें तो फोडूं नये, धुऊं नये व देव्हाऱ्यांतहि ठेवूं नये. स्थळ, दिवस व वेळ लिहून ठेवून शिक्षकांमार्फत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यास कळवावें. पालकांनींहि मुलांस यांत साह्य करावें, अशी आमची विनंति आहे. मानेगांवच्या मूठभर तुकड्यांनीं एका दूरच्या गोलाचा इतिहास सांगितला. जो भाग हरवला, त्यानें आणखी काय सांगितलें असतें, हें आतां कोणासच कळणार नाहीं. परमेश्वराच्या सृष्टिग्रंथाचें एकादें पान आपल्या अंगणांत येऊन पडलें, तर तें आपल्या हातून फाटूं नये.