वखारीत माल कसा लावावा



दसऱ्याच्या सुमारास आपल्या परभणी जिल्ह्यात सोयाबीन निघते. पुढे कापूस येतो, मग तूर. जिंतूर, सेलू, मानवत, गंगाखेड, सगळीकडे गाड्यांची रांग लागते. शेतकरी पोती वखारीत ठेवतो आणि पावती घेऊन घरी जातो. त्या पावतीवर त्याला कर्जही मिळते. १९५७ साली मुंबई राज्यात वखार महामंडळ स्थापन झाले. तेच आजचे महाराष्ट्र राज्य वखार महामंडळ.

पण पावती म्हणजे कागद. माल नीट लावला नसेल तर कागद काय कामाचा?

माझाच अनुभव सांगतो. एका वर्षी मी अकरा पोती तूर एका गोदामात ठेवली. मृगाचा पाऊस झाला. पेरणीला पैसे हवे होते, म्हणून तूर विकायला गेलो. पावती होती, पण थप्पीवर चिठ्ठी नव्हती. हमालांनी दिवसभर शोधले. पोती सापडली ती भिंतीला टेकलेली, फरशीवर ठेवलेली. भिंत पाझरली होती. चार पोत्यांना बुरशी आली होती. त्या वर्षी बियाणे उसने आणावे लागले.

हे कशाने टळले असते? बघा.

१. गाडी येण्याआधी जागा ठरवावी. जागा झाडून घ्यावी. लवकर जाणारा माल दाराजवळ, बरेच दिवस राहणारा माल आत. माल आधी वाटेत टाकला आणि मग आत नेला, तर तेच पोते दोनदा उचलावे लागते. हमालाची पाठही दुखते आणि वेळही जातो.

२. उतरवतानाच पोती मोजावी व पाहावी. ओले किंवा फाटके पोते बाजूला काढावे. सोयाबीन साठवताना ओलावा १२ टक्क्यांहून जास्त नसावा. एक ओले पोते शेजारची चार पोती बिघडवते.

३. पोती फरशीवर ठेवू नयेत. खाली लाकडी फळ्या घालाव्या. भिंतीपासून माणूस सहज फिरेल एवढी, म्हणजे दोन-अडीच फूट जागा सोडावी. खत व औषधे धान्याच्या खोलीत ठेवूच नयेत.

४. एक थर उभा, दुसरा थर आडवा लावावा. मग थप्पी ढासळत नाही. पोत्याची तोंडे आतल्या बाजूला करावी, म्हणजे शिवण उसवली तरी दाणे सांडत नाहीत. प्रत्येक थरात सारखी पोती ठेवावी. एका थरात १२ पोती आणि असे ८ थर, तर १२ × ८ = ९६. मोजायला पोती हलवावी लागत नाहीत.

५. थप्पी पुरी होताच चिठ्ठी लावावी. चिठ्ठीवर मालकाचे नाव, गाव, मालाचा प्रकार, पोत्यांची संख्या व तारीख लिहावी. पावतीचा क्रमांकही घालावा. तेच सगळे वहीत उतरवावे. ‘उद्या लिहू’ म्हणू नये. उद्या दुसऱ्या गाड्या येतात!

६. आधी आलेला माल आधी बाहेर काढावा. नवी पोती जुन्या पोत्यांपुढे रचून वाट अडवू नये.

आमच्या रात्रीच्या वर्गात एक हमाल येत असे. तो एकदा म्हणाला, “गुरुजी, पंचवीस वर्षं पोती वाहिली. चिठ्ठी मात्र दुसऱ्यानं लिहायची. आता मीच लिहितो. परवा बाबूंनी ६९ च्या जागी ९६ लिहिले होते, ते मीच दाखवलं.”

सत्तावीस पोत्यांची ती चूक होती. कुणाच्या तरी वर्षाच्या कष्टाचा तो हिशेब होता. म्हणून अक्षर आणि आकडा शिकायचा.

प्रश्न
१. पोती भिंतीला का टेकवू नयेत?
२. एका थरात १५ पोती व ७ थर असतील, तर एकूण पोती किती?
३. तुमच्या घरच्या धान्यासाठी एक चिठ्ठी लिहा.