दुर्बीण अंतराळात कशासाठी?

दुर्बीण अंतराळात नेली म्हणजे ती ताऱ्यांच्या जवळ गेली, असा मुलांचा समज हटकून होतो. शिक्षकांनी तो प्रथम दूर करावा. भारताची ‘ॲस्ट्रोसॅट’ ही वेधशाळा २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडण्यात आली, ती अवघ्या ६५० किलोमीटर उंचीवर. ताऱ्यांच्या अंतरापुढे ही उंची नगण्यच होय. दार लावलेल्या वर्गातून डोंगर दिसत नाही. उंबऱ्याबाहेर आलेल्या मुलास दिसतो. तो डोंगराजवळ गेला, असे मात्र कोणी म्हणत नाही.

येथे दार म्हणजे वातावरण. त्यातील ओझोन अतिनील किरणांचा बराच भाग अडवितो. जीवसृष्टीस हे उपकारकच. ज्योतिर्विदांची मात्र अडचण होते. पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेतील कनक साहा व त्यांचे सहकारी यांनी ऑक्टोबर २०१६ मध्ये ‘ॲस्ट्रोसॅट’वरील दुर्बिणीने अठ्ठावीस तासांहून अधिक काळ वेध घेतले. नोंदींची छाननी सुमारे दोन वर्षे चालली. तेव्हा एका दीर्घिकेतून सुमारे ९३० कोटी वर्षांपूर्वी निघालेले अतिनील किरण ओळखता आले. हे संशोधन २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. ‘हबल’ दुर्बिणीचा आरसा २.४ मीटर व्यासाचा, हिचा जेमतेम ३८ सेंटिमीटरांचा! परंतु हिच्या ग्राहकयंत्रात स्वतःच्या खोट्या नोंदी फारच थोड्या होत, म्हणून इतका मंद प्रकाशही त्यांत हरवला नाही.